शिट्टी कोणाच्या हाती?

लग्नाच्या वाढदिवसाला पत्नीला काय द्यावे, हा नीतीचा प्रश्न आहे असे कोणी म्हटले तर पुष्कळांना हसू येईल. साडी द्यावी, भांडे द्यावे, ऐपत असेल तर सोन्याचा एखादा जिन्नस द्यावा; त्यात एवढा विचार तो कसला? परंतु आपण एखाद्या माणसाला काय देतो, यावरून आपण त्याला काय समजतो हे कळून येते. तोंडाने न बोललेली गोष्ट कित्येकदा भेटवस्तू बोलून टाकते. म्हणून आज एका लहानशा, काहींना पोरकटही वाटेल अशा भेटीचा विचार करू. ती भेट म्हणजे हाताने घडवलेली लाकडी शिट्टी. नवऱ्याने बायकोला अशी शिट्टी देणे योग्य आहे काय? आणि योग्य असेल, तर ती देताना त्याने नेमके काय दिले?

विचाराला आधार म्हणून एक गाव आणि एक घर डोळ्यांसमोर ठेवू. गाव खरे आहे, घर कल्पनेतले आहे. सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना वाटेवर इच्छापोर लागते. पुढे हजिऱ्याच्या बाजूला खताचे, पोलादाचे, वायूचे मोठे कारखाने आहेत. खुद्द इच्छापोरात हिरे व दागिने यांच्या धंद्यासाठी औद्योगिक वसाहत आहे. सुरत शहराच्या उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे कितीतरी वर्षांपासून राहतात. पोटापाण्यासाठी माणूस जिथे काम असेल तिथे बिऱ्हाड करतो. तेव्हा इच्छापोरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे एक मराठी कुटुंब आपण कल्पू. नवरा कारखान्यात पाळीवर जातो. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. बायको घर, मुले आणि म्हातारी सासू यांचे पाहते. लग्नाला पंधरा वर्षे होत आहेत, आणि त्या गृहस्थाच्या मनात तीन वस्तू आहेत: हिऱ्याची लहानशी चमकी, नवा प्रेशर कुकर, आणि हस्तकलेच्या प्रदर्शनात पाहिलेली एक लाकडी शिट्टी. या गावाच्या नावातच ‘इच्छा’ हा शब्द ऐकू येतो. प्रश्नही तोच आहे: इच्छा कोणाची?

प्रथम चमकीचा विचार करू. इच्छापोरात राहणाऱ्याला हिरा दूरचा नाही. जगात विकल्या जाणाऱ्या हिऱ्यांपैकी बहुतेकांना पैलू पाडले जातात ते सुरतेतच. हिरा म्हणजे प्रेमाची खूण ही समजूत मात्र आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. अमेरिकेतील एका जाहिरात संस्थेत काम करणाऱ्या फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने १९४७ साली हिऱ्याची आणि कधीही न संपणाऱ्या प्रेमाची सांगड घालणारे एक लहानसे वाक्य हिऱ्याच्या व्यापाऱ्यांसाठी लिहिले. ते वाक्य जगभर गेले, आणि हिरा न दिल्यास प्रेमात काही उणे राहते अशी भीतीही त्याच्या पाठोपाठ गेली. आपल्या इच्छेतही दुसऱ्याने पेरलेले बी असू शकते, हे ध्यानात असावे.

तथापि दागिना देणे हेच वाईट, असे म्हणणे बरोबर नव्हे. अब्राहामाच्या सेवकाने रिबकेला सोन्याची नथ आणि बांगड्या दिल्या, हे आपण शब्बाथशाळेत मुलांना सांगतोच. ते दागिने तिला कधी मिळाले, हे मात्र पुष्कळदा सांगायचे राहून जाते. परक्या वाटसरूला पाणी देऊन, त्याच्या उंटांनाही विहिरीचे पाणी काढून पाजल्यावर ते तिच्या हाती आले. कष्ट पाहिले गेले आणि मग भेट दिली गेली. दागिना महाग होता, पण देणाऱ्याने आधी डोळे उघडून पाहिले होते.

आता उलट बाजू. स्वस्त वस्तू दिली म्हणजे प्रेम आपोआप शुद्ध ठरते काय? तसेही नाही. राजा दाविदाला अरवनाने खळे आणि बैल फुकट देऊ केले, तेव्हा दाविदाने ते घेतले नाही. ज्याला आपल्याला काहीच पडले नाही असे अर्पण देवाला करायचे नाही, असा त्याचा आग्रह होता. त्याने रुप्याचे पन्नास शेकेल मोजून दिले. हा नियम घरातही लागू पडतो. जो नवरा स्वतःच्या मोबाईलसाठी हजारो रुपये मोडतो आणि बायकोसाठी शिट्टी आणून ‘साधेपणातच गोडी असते’ असे सांगतो, त्याचा साधेपणा केवळ दुसऱ्यासाठी आहे. तो साधेपणा नव्हे, कद्रूपणा आहे. तात्पर्य, शिट्टीची किंमत थोडी आहे ही गोष्ट तिच्या बाजूचीही नाही आणि विरुद्धही नाही. देणाऱ्याला तिच्यापायी काय पडले, हे पाहिल्याशिवाय निवाडा करता येत नाही.

दुसरी वस्तू प्रेशर कुकर. ही भेट आपल्याकडे फार चालते. कुकर, मिक्सर, इस्त्री, पाण्याचे पिंप अशा वस्तू घरात हव्याच असतात, आणि वाढदिवसाचे निमित्त साधून त्या आणल्या की एका दगडात दोन पक्षी मारले असे वाटते. आपली एक जुनी म्हण आहे: गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. अशा भेटी गाजराच्या पुंगीसारख्या असतात. बायकोला आवडल्या तर उत्तमच. न आवडल्या तरी वरणभात नवऱ्याच्या ताटात पडायचाच. देणाऱ्याने आपला लाभ आधीच बाजूला काढून ठेवलेला असतो.

कुकर आणू नये असे कोणीही म्हणणार नाही. तो घराच्या खर्चातून आणावा आणि घराचा म्हणूनच आणावा. त्याला तिची भेट म्हणू नये, एवढेच. एक गोष्ट आणखी आहे. कुकरलाही शिट्टी असते. ती वाजली की धावते कोण? तीन शिट्ट्या झाल्या की हातातले टाकून गॅस बंद करायला उठते ती गृहिणीच. इच्छापोरच्या त्या घराचा दिवस पाहा. नवऱ्याची पाळी कारखान्याच्या वेळेवर, मुलांची शाळा घंटेवर, जेवण कुकरच्या शिट्टीवर. या साऱ्या आवाजांच्या मागे ती बाई पंधरा वर्षे उठते आणि बसते आहे. तिने आवाज दिला आणि दुसरे कोणी उठले, असे दिवसातून किती वेळा घडते? ज्या घरात नवऱ्याला या प्रश्नाचे उत्तर झटकन देता येत नाही, त्या घरात भेटीचा विचार येथूनच सुरू व्हायला हवा.

आता तिसरी वस्तू, शिट्टी. ती हाताने घडवलेली आहे हा तिचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. त्याचीही परीक्षा करू.

शिट्टी दिसायला साधी, पण तिची रचना नाजूक असते. लाकडाच्या पोकळ नळीच्या तोंडाशी एक दट्ट्या बसवतात आणि त्याच्या वरून हवा जाण्यापुरती बारीक फट ठेवतात. फुंकर त्या फटीतून पातळ पट्टीसारखी निघते आणि समोरच्या तासलेल्या धारेवर आपटते. हवेची ती पट्टी धारेच्या कधी आत, कधी बाहेर अशी अतिशय वेगाने हेलकावते. त्याबरोबर पोकळीतली हवा थरथरू लागते आणि सूर उमटतो. एका टोकाला बंद असलेली पोकळी ५ सेंटिमीटर लांब असेल, तर सेकंदाला सुमारे १,७०० कंपनांचा सूर निघतो. पोकळी आखूड केली की सूर चढतो, लांब केली की उतरतो. धार जराशी बोथट राहिली किंवा फट जराशी रुंद झाली तर सूर निघत नाही, नुसती हवा फुसफुसते. त्यामुळे शिट्टी वाजते की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. ती फुंकून, ऐकून, पुन्हा तासून जुळवावी लागते.

लाकूड कातून वस्तू करणाऱ्याला आपल्या मराठीत कातारी म्हणतात, गुजरातेत खरादी म्हणतात. गुजरातेतच संखेडा हे गाव सागवानाच्या कातीव, लाखेने रंगवलेल्या फर्निचरसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाची फळे, भाज्या, खेळणी मिळतात. कर्नाटकातील चन्नपट्टण येथे काळ्या कुड्याच्या मऊ लाकडाची खेळणी कातली जातात. तेथे लाकूड चरकावर फिरत असतानाच रंगीत लाखेची कांडी त्याला टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. ब्रशाने दिलेल्या रंगासारखी ती वर राहत नाही, लाकडाला धरून बसते. शिट्टी तोंडात धरायची वस्तू असल्याने तिच्यावर कोणता रंग आहे, हे विकत घेण्यापूर्वी विचारून घेणे अगत्याचे आहे. जो नवरा एवढेही विचारत नाही, त्याने वस्तू निवडली खरी, पण माणसाचा विचार केला नाही.

हाताच्या कामाला पवित्र शास्त्रातही मान आहे. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेलाला देवाच्या आत्म्याने भरले असे सांगितले आहे ते उपदेश करण्यासाठी नव्हे, तर सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवर काम करण्यासाठी. तेव्हा सुताराच्या किंवा कातारी माणसाच्या कौशल्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु येथे थांबून एक शंका काढली पाहिजे. हाताने केलेली वस्तू म्हणून शिट्टी थोर, असे म्हणावे तर हिराही हातानेच घडतो. सुरतेतील कारागीर फिरत्या चाकावर हिरा धरून, भिंगातून पाहत एकेक पैलू पाडतो. त्याचीही पाठ दुखते, त्याचेही डोळे शिणतात. यंत्रे आली तरी माणसाचा हात आणि डोळा तेथून गेलेला नाही. इतकेच काय, कुकरही कोणा कामगाराच्या हाताखालून गेलेला असतो. तेव्हा ‘हाताने केलेले’ या शब्दांत आपण जो पवित्रपणा पाहतो, तो काहीसा आपल्याच मनाचा खेळ असतो. प्रदर्शनात कारागीर समोर बसलेला दिसतो म्हणून त्याच्याविषयी आपल्याला माया वाटते. कारखान्यातला कामगार दिसत नाही म्हणून वाटत नाही. नीतीच्या दृष्टीने दोघेही मजूर आपल्या वेतनास योग्यच आहेत.

मग हातकामाला काही अर्थच नाही काय? आहे, आणि तो आपल्या वागणुकीत दिसायला हवा. समोर बसलेल्या कारागिराशी आपण कसे वागतो, ही ती कसोटी आहे. बायकोवरचे प्रेम दाखवण्यासाठी शिट्टी घ्यायची, आणि ती घेताना कातारी माणसाशी दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करायची, ही कसली भेट? एकाच्या पोटातून काढून दुसऱ्याच्या हातात ठेवलेली वस्तू देणाऱ्याची होत नाही. मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देणारा माणूस रस्त्याच्या कडेच्या गरीब माणसाशी मात्र भाव करतो, ही आपली रीत आहे. भेट घरात पोहोचण्यापूर्वीच ती स्वच्छ असली पाहिजे.

किंमत पाहिली, घडण पाहिली. आता शिट्टी म्हणजे काय, ते पाहू. कारण भेटवस्तूंत शिट्टीसारखी अडचणीची वस्तू क्वचित असेल.

शिट्टी हे अधिकाराचे साधन आहे. लंडनचे पोलीस पूर्वी लाकडी खुळखुळा वाजवून मदत मागत; १८८० नंतरच्या दशकात त्यांनी तो टाकून बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन यांची धातूची शिट्टी घेतली. तेव्हापासून पोलीस, खेळाचा पंच, कवायतीचे मास्तर, रेल्वेचा गार्ड यांच्या हाती शिट्टी दिसते. ती वाजली की बाकीच्यांनी थांबायचे किंवा निघायचे. शिट्टी ज्याच्या हाती, हुकूम त्याचा.

शिट्टीला दुसरी, वाईट बाजूही आहे. रस्त्याने जाणाऱ्या मुलीला पाहून टवाळ पोरे शिट्टी मारतात. हा अपमान इतका उघड आहे की कायद्यानेही त्याची दखल घेतली आहे. स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने काढलेला नुसता आवाजसुद्धा गुन्हा ठरतो. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ५०९ व्या कलमात ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती ७९ व्या कलमात आहे. गंमत अशी की मुलग्याच्या शिट्टीला आपल्या समाजाने शतकानुशतके हसून सोडून दिले, आणि मुलीने घरात सहज शीळ घातली तर आजीपासून सर्वांनी तिला दटावले. मुलींनी शीळ घालू नये, रात्री शीळ घातली तर साप येतो, असे सांगत आपण मुलींचे ओठ मिटवले. त्यामुळे पत्नीला शिट्टी देणे म्हणजे नुसते खेळणे देणे नव्हे. ज्या आवाजाने तिला रस्त्यात भ्यायला लावले आणि जो आवाज काढायला तिला घरात मनाई होती, तोच तिच्या हाती देणे आहे.

शिट्टीची तिसरीही एक बाजू आहे, आणि ती प्रेमाची आहे. मेघालयाच्या पूर्व खासी टेकड्यांत काँगथाँग नावाचे गाव आहे. १८४१ साली वेल्सहून मिशनरी थॉमस जोन्स चेरापुंजीस आले आणि खासी लोकांत मंडळी वाढली, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. त्याच खासी लोकांच्या या गावात आई आपल्या बाळासाठी एक सूर रचते. नाव वेगळे, सूर वेगळा. तो सूर त्या एकट्या मुलाचा. दुसऱ्या कोणासाठी तो वापरत नाहीत. मोठेपणी रानात एकमेकांना हाक मारताना त्या सुरानेच बोलावतात. ज्याने तो ऐकला त्याला कळते की ही हाक गर्दीला नाही, मला आहे.

हुकूम, टवाळी आणि प्रेम या तिन्ही बाजू पवित्र शास्त्रातील एका शब्दात सापडतात. इब्री भाषेत ‘शारक’ असे क्रियापद आहे. त्याचा अर्थ शीळ घालणे, फूत्कार करणे. यशयाच्या पाचव्या अध्यायात परमेश्वर दूरच्या राष्ट्राला शीळ घालून बोलावतो. तो न्यायाचा हुकूम आहे. पहिल्या राजांच्या नवव्या अध्यायात उजाड झालेल्या मंदिराजवळून जाणारे लोक तोच आवाज काढतात. ती विटंबना आहे. आणि जखऱ्याच्या दहाव्या अध्यायात परमेश्वर आपल्या पांगलेल्या लोकांना शीळ घालून गोळा करीन म्हणतो. तेथे तो मेंढपाळ आहे. आवाज तोच. तोंड कोणाचे, कान कोणाचे आणि मन कसे, यावर त्याचा अर्थ ठरतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ही तीन स्थळे मुलांकडून शोधून घ्यावीत. एकाच क्रियेचे तीन अर्थ मुलांना चटकन समजतात.

आता इच्छापोरच्या घराकडे वळू. समजा, त्या गृहस्थाने शिट्टी निवडली. ती कोणत्या मनाने निवडली, हे पाहायला हवे. रोमी तत्त्वज्ञ सेनेका याने उपकार आणि भेटी यांवर सात भागांचा ग्रंथ लिहिला. हा सेनेका म्हणजे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात ज्याच्यापुढे पौलाला उभे केले, त्या गल्लियोचा भाऊ. त्याचे म्हणणे असे की उपकार वस्तूत नसतो, देणाऱ्याच्या मनात असतो. त्याने एक सावधगिरीही सांगितली: दारुड्याला दारू किंवा आजारी माणसाला औषध, अशी घेणाऱ्याचे वैगुण्य दाखवणारी भेट देऊ नये. शिट्टीलाही हे लागू आहे. ‘तू कधी बोलत नाहीस, घे, आता तरी वाज,’ अशा टोमण्याने दिलेली शिट्टी भेट नव्हे, ती चपराक आहे. ‘मुले ऐकत नाहीत ना, ही वाजवून बोलाव,’ असे म्हणून दिली, तर ती पुन्हा कुकरच झाली. तिचे काम आणखी एका साधनाने वाढवले.

मग ती कशी द्यावी? माझे म्हणणे असे आहे की शिट्टी देताना नवऱ्याने आपला एक अधिकार तिच्या हवाली केला पाहिजे. तो असा: ‘ही वाजली की मी येईन.’ एवढे वाक्य नसेल तर ते लाकूड आहे. एवढे वाक्य असेल आणि ते पाळले जाणार असेल, तर चमकीपेक्षा ती भेट जड आहे. चमकी दिली की देणारा मोकळा होतो. पैसे गेले, काम संपले. शिट्टी दिली की देणाऱ्याचे काम तेव्हा सुरू होते. फ्रेंच विद्वान मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात निरनिराळ्या समाजांच्या चालीरीती तपासून दाखवले की भेट बंधन घालते: देण्याचे, घेण्याचे आणि परत करण्याचे. बहुतेक वेळा हे बंधन घेणाऱ्यावर पडते. आपल्याकडे आहेराची वही ठेवतात ती याचसाठी. पतीपत्नीच्या नात्यात मात्र मला वाटते, चांगली भेट तीच, जी घेणाऱ्याला न बांधता देणाऱ्याला बांधते.

कोणी म्हणेल, बायकोने नवऱ्याला शिट्टी वाजवून बोलवायचे? मर्यादा कुठे राहिली? त्यांना नम्रपणे एक आठवण द्यावीशी वाटते. आपल्या आया आणि आज्या नवऱ्याचे नाव घेत नसत. ‘अहो’ एवढीच त्यांची हाक. त्या एका ‘अहो’त काँगथाँगच्या सुरासारखेच सारे होते, घरात दहा पुरुष असले तरी हे कोणासाठी आहे ते ज्याचे त्याला कळायचे. त्या हाकेत मर्यादा पुरेपूर होती. उणे होते ते ऐकणाऱ्याकडे. किती घरांत तो ‘अहो’ वर्तमानपत्राच्या मागे, आणि आता मोबाईलच्या मागे, दोनदा-तीनदा वाया जातो! हाक न ऐकणे हीच मर्यादा मोडणे आहे. बोलावणाऱ्याच्या आवाजात अमर्यादा शोधण्यापूर्वी ऐकणाऱ्याच्या कानांची चौकशी व्हावी.

दुसरी शंका: आता प्रत्येकाजवळ फोन आहे, शिट्टीचे काम काय? फोनची घंटी बँकेचीही असते, दुकानाचीही असते, चुकून लागलेल्या नंबराचीही असते. ती सर्वांची असल्यामुळे आपण ती पाहून न पाहिल्यासारखे करायला शिकलो आहोत. घरातल्या घरात, सासूला उचलून बसवायला एक हात कमी पडतो तेव्हा, रात्री मूल तापाने फणफणते तेव्हा, किंवा काही कारण नसताना नुसते ओट्यावर बसून दोन शब्द बोलावेसे वाटतात तेव्हा, वेगळ्या आणि एकाच माणसासाठी असलेल्या हाकेला अर्थ उरतो. नवरा रात्रपाळीला गेला असताना शिट्टी ऐकू जाणार नाही, हे खरे. पण घरी असताना ज्याने दहा वेळा ती ऐकली, तो रात्रपाळीहून परत आल्यावर ‘काल रात्री काही लागले का?’ असे आपण होऊन विचारील.

तिसरी शंका सर्वांत महत्त्वाची. तिला शिट्टी नकोच असेल तर? तिला खरोखर चमकीच हवी असेल तर? पंधरा वर्षे तिने मनात ती इच्छा ठेवली असेल आणि नवऱ्याला लाकडी शिट्टीत मोठे तत्त्वज्ञान दिसले असेल, तर तत्त्वज्ञान त्याचे आणि हिरमोड तिचा. अशा वेळी शिट्टी हीसुद्धा देणाऱ्याच्याच इच्छेची भेट ठरते. म्हणून निवडण्यापूर्वी विचारावे. विचारल्याने भेटीचा आनंद जातो, असे आपल्याला कोणी शिकवले कोण जाणे. आणि दिल्यावरही तिला मोकळीक हवी. तिने ती रोज वाजवावी, कपाटात ठेवावी, लेकीला खेळायला द्यावी किंवा हसून बाजूला सारावी; त्याचा हिशेब मागू नये. मात्र तिने शिट्टी वाजवली नाही म्हणून नवऱ्याने दिलेला शब्द संपत नाही.

हन्नेची गोष्ट येथे उपयोगी पडते. तिने शमुवेलाला मंदिरात सोडले आणि दर वर्षी यज्ञाला जाताना त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेला. शास्त्रात हा उल्लेख फार थोडक्यात आला आहे. पण विचार करा, मूल वाढत होते. गेल्या वर्षीचे माप या वर्षी चालणारे नव्हते. म्हणजे दर वर्षी त्या आईला आपल्या मनाशी म्हणावे लागले असेल, आता तो केवढा झाला असेल? ती भेट हाताची होती म्हणून मोठी नाही. ती नव्याने मोजलेली होती म्हणून मोठी आहे. नवराबायकोचे पुष्कळदा असे होते की लग्नाच्या वर्षी घेतलेल्या मापावर आपण आयुष्यभर भेटी देत राहतो. तिला अबोली आवडते, तिला गोड आवडत नाही, ती कशाला हसत नाही, हे सारे आपण पंधरा वर्षांपूर्वी ठरवून टाकलेले असते. माणूस वाढतो, वाकतो, थकतो, कधी नव्याने हसायला लागतो. नवे माप घ्यायला जवळ जावे लागते.

हे सारे बायकोने नवऱ्याला द्यायच्या भेटीलाही तितकेच लागू आहे. घरात पुरुष एकटा पडलेला असतो, पाळीच्या झोपेने आणि काळजीने मिटलेला असतो, त्यालाही कोणाला तरी हाक मारण्याचा हक्क हवा असतो आणि तो मागायची लाज वाटत असते. अशा नवऱ्याच्या हाती शिट्टी ठेवणारी बायको त्याला पोरवयात आंब्याच्या कोयीची पिपाणी घासून वाजवणारा मुलगा परत देते. दोघांपैकी कोणीही दिली तरी देणाऱ्याने ऐकायचे आहे, हा नियम तोच राहतो.

तेव्हा प्रिय वाचकहो, शिट्टीच आणा असा माझा आग्रह नाही. चमकी आणा, साडी आणा, ऐपत नसेल तर मोगऱ्याचा गजरा आणा. पण कोणतीही भेट हाती देण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही घडवणाऱ्याला त्याचे मोल मिळाले काय? ही जिच्यासाठी आहे, तिला मी विचारले काय? आणि ही दिल्यानंतर मी मोकळा होणार आहे, की बांधला जाणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘मोकळा’ असे आले, तर भेट खुशाल द्या, पण तिच्याबरोबर आणखी काहीतरी द्यायचे राहिले आहे, हे विसरू नका. ते बाजारात मिळत नाही. आज संध्याकाळी स्वयंपाकघरातून हाक येईल, तेव्हा पहिल्या हाकेला उठलात तर ते देऊन होईल.